हळदीचा ड्रम

रूपाबाईचा नरसिंग तांडाभर बोंबलत पळायचा, अन् इकडं संगिताच्या जिवाची लाही व्हायची. दोघी सख्ख्या जावा, घरं हाकेच्या अंतरावर. पण संगिताची पुजा चार पावलं चालली की धापा टाकायची. सात वर्षांची पोर, रात्रभर तिची छाती वाजायची. अन् धाकटीचं पोरगं बघा, कसं उंडारतंय!

हळदीला चकाकी आणायचा, दोघा भावांचा सामाईक ड्रम मागच्या साली रूपाबाईच्या अंगणात होता. गावोगावची माणसं वाळली हळद घेऊन तिच्या दारात येत, चहा पीत अन् तिलाच मालकीण म्हणत. संगिताला ते बघवलं नाही. मोठी मी, ड्रम माझ्याच दारात पायजे! दोन दिवस अन्न सोडलं, पण ड्रम आणलाच. आता तो दिवसभर गरगरायचा अन् घरातल्या पाण्यावरसुद्धा पिवळी धूळ बसायची.

संगिताच्या डोक्यात मात्र भलतंच. ड्रम गेला म्हणून जळती सटवी, तिचीच नजर लागली माझ्या लेकराला!

शनिवारी दार लोटून तिनं पुजाला समोर बसवलं अन् निखाऱ्यावर मीठ, मोहऱ्या, सात लाल मिरच्या टाकल्या. नजर असली तर मिरच्यांचा ठसका लागत नाही म्हणतात. इथं तर असा खकाणा उठला की तिचेच डोळे वाहायला लागले. पण ती ऐकते कुठं? "नजर असणारच," म्हणत तिनं आणखी मूठभर टाकल्या. पुजा खोकता खोकता निळी पडली.

खोकला ऐकून रूपाबाई धावत आली. पोरीला उचलून बाहेर मोकळ्यावर नेलं, कमरेच्या पिशवीतून दम्याचा पंप काढला अन् तिच्या तोंडाला लावला. "ओढ गं माय. अजून ओढ." हळूहळू पोरीचा श्वास जागेवर आला.

"पंप कुणाचा हा?" संगितानं विचारलं.

"नरसिंगचा. ड्रम आमच्या दारी होता तवा त्याला लई तकलीफ झाली. गुपचूप हिंगोलीला दाखवलं. ती धूळ लेकराच्या छातीत बसती, म्हणले डॉक्टर. ड्रम तुमी नेला अन् त्याचा दम कमी झाला. चला, हिला आत्ताच हिंगोलीला दाखवू."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?" संगिता ओरडली.

रूपाबाई खाली बघत राहिली. "सांगितलं असतं, तर तुमी नेला असता का?"

संगितानं पुजाला तिच्या मांडीवरून ओढून घेतलं. पलीकडं नरसिंग लिंबाच्या झाडावर चढत होता, अन् या घडीलाही तिला त्याचा हेवाच वाटला.