हॅडली रस्त्यावरचं दुसरं नाव

टायरचा कारखाना बंद पडल्यापासून आमच्या बेलफोर्ट शहरात दर तिसरं घर ओसाड. माणसं उरली एकेचाळीस हजार, आणि तीही मोजून घ्यायला तयार नाहीत. जनगणनेच्या त्या वसंतात मला दोनदा कुत्रं चावलं, एका आजोबांनी अंगावर बंदूक रोखली, तरी मी गणनेचे फॉर्म घेऊन दारं वाजवत राहिले. तीस वर्षं शाळेची बस हाकलेल्या बाईला शिव्या नव्या नसतात.

हॅडली रस्त्यावरच्या ६१४ नंबरचं दार चौथ्या खेपेला उघडलं. घराचा मालक ड्वेन केसलर दार भरून उभा राहिला.

"एक एप्रिलला या घरात किती माणसं राहत होती?" मी नेमाचा प्रश्न विचारला.

"एक. मी. दिसत नाही का म्हातारे?"

त्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, एक बाई उभी होती. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद. तिनं दोन बोटं वर केली. माझी नजर तिकडे गेली तशी त्यानंही वळून पाहिलं. दार माझ्या तोंडावर आपटलं. आत भांडी कोसळली, मग तिची किंकाळी.

फोन माझ्या हातातच होता. पण नोकरीवर घेताना हात वर करून शपथ घ्यायला लावली होती: दारात जे कळेल ते मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नाहीतर तुरुंग. ती शपथ कागदावरच्या माहितीची होती, बाईच्या किंकाळीची नव्हती, एवढं मला कळायला हवं होतं. मी भित्री, नियमाच्या आड लपले. फॉर्मवर 'एक' लिहिलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं, शपथ गेली चुलीत, आणि पोलिसांना फोन केला. त्यांची वाट न बघता गाडीत टायरचा पाना टाकून निघाले.

ड्वेन अंगणातच होता, हातात बेसबॉलची बॅट.

"मोजायला आलीस? घे, मोज!"

पहिल्या फटक्यात गाडीची काच गेली, दुसऱ्यात, मी पाना घेऊन उतरताना, माझा डावा हात मोडला. तिसऱ्यासाठी त्यानं बॅट उचलली तेव्हा मी पाना त्याच्या गुडघ्यावर घातला. तो पडला. पडल्यावर आणखी दोनदा घातला. ते दोन जादाचे होते, आणि मला त्यांचं काही वाटत नाही.

मी आत धावले. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर पडली होती, केस रक्तानं चिकटलेले. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"नाव काय गं पोरी?"

"रोझलिन." मग नुसताच श्वास. "दोन लिहिलंस ना?"

"लिहिलं," मी खोटं बोलले.

पोलिसांचा भोंगा कोपऱ्यावर ऐकू आला तेव्हा ती गेली होती.

आठवड्यानं, प्लॅस्टरातल्या हातानं कागद दाबून धरत मी तो फॉर्म पुन्हा भरला. दुसऱ्या ओळीत तिचं नाव लिहिलं. आमची साहेबीण गेल फोनवर हळूच म्हणाली, "लोर्ना, ती आता नाहीये गं."

"एक एप्रिलला जो होता तो धरायचा, हाच नियम ना? ती होती," मी म्हणाले. "मी 'एक' लिहिलं, तेव्हाही होती."