राहीबाईचा अंगठा

टिण्.

दुपारी घर चिडीचूप असलं की तो आवाज फार मोठा वाटायचा. कळशी उचलायला वाकले की माझ्या गळ्यातला चांदीचा टाक कळशीच्या काठाला लागायचा. माजघरात खेळणारी माझी हौसा हातातली बोळकी तशीच ठेवून म्हणायची, "आये, मोठीआय बोलली."

"काय बोलली?"

"पानी सांडू नगं म्हनली."

मी हसायचे आणि हसता हसता टाकावर हात ठेवायचे. टाकावर एक बाई उठवलेली, डोळे म्हणजे नुसती दोन टिंबं. ती माझी सवत, राही. माझ्या लग्नाआधीच वारलेली, असं सगळ्यांनी सांगितलेलं. दुसरेपणावर आलेल्या सुनेनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, कुठं निघालो तर तिला सांगून निघायचं, ही आमच्याकडची रीतच. त्यात नवल नव्हतं. नवल हे की चंद्राबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, लग्नात मला नावही तिचंच दिलं. "मेलीचं नाव घरात फिरतं ऱ्हायलं की ती दारात येत न्हाई," म्हणाल्या.

माहेरची मी बना. वाईपासून दोन कोसांवरच्या त्या गावात सहा वर्षं मी राही होते. परसातून "राहीऽ" अशी हाक आली की मी ओ द्यायच्या आधी जराशी थांबायचे. न जाणो, दुसऱ्या कुणी ओ दिली तर?

हौसाला डांग्या खोकला झाला तेव्हा सासूबाईंनी टाक धुऊन ते पाणी तिला पाजलं. भादव्यात अविधवा नवमीला राहीच्या नावानं सवाशीण जेवू घातली. मीच वाढलं. त्या बाईच्या पानात पुरणपोळी वाढताना मी मनात म्हटलं होतं, अक्का, माझ्या लेकराकडं बघू नको. तुला काय हवं ते माझ्याकडून घे.

पुढच्या वर्षी पंचमीला मला न्यायला शिराळ्याहून अर्जुनादादा आला. भाऊ पंचमीला बहिणीला नेतो, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पण त्यानं गोठ्यामागं मला बोलावलं आणि टोपीतून एक पत्र काढलं. हौसाच्या बापाचं, नाथाजींचं, पलटणीतून आलेलं. एरवी त्यांची पत्रं शाळेचे मास्तर सासूबाईंना वाचून दाखवत. हे त्यांनी मुद्दाम माझ्या माहेरी धाडलं होतं.

'चि. सौ. राही हीस अनेक आशीर्वाद. आपल्याला इकडे राहायला खोली मिळते आहे. तू आणि हौसा यायचं. पण माझ्या भरतीच्या कागदावर बायको राहीबाई, माहेर सांगली संस्थान, असं आहे. तुझं माहेर शिराळा. साहेब म्हणतो, ही ती नव्हे. पहिलीच्या सोडचिठ्ठीचा कोर्टाचा कागद आणल्याशिवाय तुझं नाव चढणार नाही, हौसाचंही नाही. श्रावण संपायच्या आत कागद आला नाही तर खोली दुसऱ्याला जाईल. दावा एक्केचाळीस सालचा, दप्तर साताऱ्याला आहे. आईला कळू देऊ नको.'

मी ते दोनदा वाचलं. खोलीच्या ओळीवरून बोट फिरवलं. आम्ही तिघं, एक चूल, आणि हाक मारायला सासूबाई नाहीत. मग खालची ओळ पुन्हा दिसली.

"दादा, मेलेल्या बाईला सोडचिठ्ठी कशाला लागती?"

"आधी सोडली आसंल, मग मेली आसंल. तू नगं डोकं शिणवू, बने. कागद घ्यायचा आन् मोकळं व्हायचं."

निघताना सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. हौसाच्या गालाला त्यांनी बोट लावलं आणि मला विचारलं, "मोठीला सांगितलंस का?"

मी टाक मुठीत धरला. "जाऊन येते."

वाईहून मोटारीनं साताऱ्याला उतरलो. कोर्टाबाहेर लिंबाखाली एकजण मांडीवर फळी घेऊन अर्ज लिहीत बसला होता. त्यानं नाव विचारलं, मी सांगितलं. सहा वर्षं जे सांगत होते तेच. राहीबाई भ्रतार नाथाजी.

दप्तरखान्यात लाल रुमालात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले. कुबट वास, आणि इतकी माणसांची भांडणं एका खोलीत असूनही आवाज म्हणून नाही. हौसानं माझा पदर घट्ट धरला. कारकून म्हातारे होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडं पाहिलं, परत वाचला.

"अहो बाई, नकला काय लोणच्यासारख्या मुरवत ठेवता? चैत्रात तर घेऊन गेलात."

"मी? मी न्हाई."

"मग काय तुमचं भूत आलं होतं?" असं म्हणत त्यांनी एक रजिस्टर ओढलं, चार पानं मागं उलटली आणि माझ्याकडं फिरवलं. "हे तुमचं नाव. ही तारीख. हा तुमचा अंगठा."

एप्रिल एकोणपन्नास. चारच महिने झाले होते.

निळसर काळा अंगठा. कष्टाच्या बाईचा, रेषा झिजलेल्या. मधून आडवी एक कोरी रेघ, विळ्यानं कापून भरून आल्यासारखी. शाई कधीच वाळली होती, तरी मी तिला बोट लावून पाहिलं. मेलेल्या माणसाला अंगठा नसतो. चैत्रात ही बाई याच मेजाशी उभी होती, माझ्यासारखीच चपला बाहेर काढून. आणि त्याच्या आधी सहा महिने मी तिला पुरणपोळी वाढून माझ्या दारातून लांब राहायला सांगितलं होतं.

"कशाला नेली होती नक्कल?" अर्जुनादादानं विचारलं.

"त्यांनाच विचारा की. पाट लावायचा, दुसरं घर करायचं म्हणून लिहून दिलंय. नवा कायदा झाल्यापासून पहिल्या सोडचिठ्ठीचा कागद दाखवल्याशिवाय पंच कुणाचा पाट लावून देत नाहीत." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "का हो बाई, मोडला का काय पाट? कागद हरवला?"

मी रजिस्टरातल्या त्या अंगठ्याकडंच बघत होते.

"हे बघा, मला दहा कामं आहेत. दाव्यातली बाई स्वतः असेल तर तीन वाजता नक्कल हातात. बाहेरचं कुणी असेल तर वकील लावा, साहेबांपुढं अर्ज करा, मग दुसऱ्या बाजूला नोटीस जाणार. दोन महिने धरून चाला. तुम्हीच ना प्रतिवादी?"

दोन महिने. श्रावण संपायला चार आठवडे होते.

दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. तो पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत होता. "सांग की," खालच्या मानेनंच म्हणाला. "खोटं कुटं हाय? नाव तुझंच हाय."

हौसा माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत मला ती खोली दिसली, तिला जिथं घालायचं ती शाळा, बापाच्या खांद्यावर बसून ती जाईल ते अंगण.

"व्हय," मी म्हणाले. "मीच."

मी दौतीतला लिहायचा टाक उचलायला हात पुढं केला. कारकून हसले. "चार महिन्यांत सही शिकलात की काय? राहू दे. मागं अंगठा आहे, आता अंगठाच द्या." त्यांनी शाईची गादी पुढं सरकवली.

शिराळ्याच्या शाळेत मी चौथीत पहिली आले होते. मी अंगठा बुडवला आणि दाबला. त्यांनी रजिस्टर मिटलं. तिचा अंगठा आणि माझा, मध्ये फक्त चार पानं.

तीन वाजता नक्कल मिळाली. लिंबाच्या पारावर बसून मी वाचली. कोर्टाची भाषा ताठ असते, पण त्या ताठ भाषेतूनही बाईचं बोलणं ऐकू येत होतं.

'प्रतिवादी जबानीत सांगते की, मी बाळंतपणास माहेरी आले. मूल गेले. मी अंथरुणास खिळले व वर्षभर नांदण्यास जाऊ शकले नाही. तेवढ्यात सासूने घरदार न्हाऊ घालून माझ्या नावे सुतक पाळले व माझा टाक घडवला. सोनाराच्या बायकोने मला निरोप दिला. ज्या घरात मी मेले त्या घरात मी परत कशी जाऊ? मला पोटगी नको, दागिने नकोत. त्या घरात माझे नाव पुन्हा कोणी घेऊ नये, एवढे लिहून द्यावे.'

आणि खाली: 'वादीस मान्य. सही, नाथाजी.'

चि. सौ. राही हीस. सहा वर्षांतलं त्यांचं एकेक पत्र मला आठवलं.

"मिळालं न्हवं?" दादा म्हणाला. "बास झालं. कऱ्हाडची मोटार निघंल."

"दादा, ती जिती हाय."

"हाय तर हाय. बरंच हाय की. तिचा पाट लागला आसंल, सुखी आसंल. तू का रडतीस?"

मी रडत होते हे मला कळलंच नव्हतं. मी मान वाकवून टाकाचा दोरा डोक्यावरून काढला. गळ्याला सहा वर्षांचा वळ पडला होता, तिथं वारा लागला. मेलेल्या माणसाचा टाक नको झाला तर नदीत सोडतात. जित्या माणसाच्या टाकाचं काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. सोडला तर तिला बुडवल्यासारखं. घातला तर रोज मारल्यासारखं. पदराच्या टोकाला बांधला. अंगठ्याची शाई चांदीच्या कपाळाला लागली.

हौसा माझ्या मांडीवर चढली. तिनं माझा हात हातात घेतला, काळा अंगठा उलटासुलटा करून पाहिला, फुंकर घातली. मग पदराची गाठ कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही.

"आये, मोठीआय मेली न्हाई?"

"न्हाई गं, सोन्या. जिती हाय ती."

"राही म्हंजी तीच न्हवं?"

"व्हय."

कऱ्हाडच्या मोटारीचा भोंगा वाजला. दादा गठुडं उचलून चालू लागला आणि मागं न बघता ओरडला, "बने, चल!"

हौसानं एकदा मामाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"मामा बना म्हनतो. आजी राही म्हनती. राही तर ती हाय," माझा शाईचा अंगठा आपल्या मुठीत धरून तिनं विचारलं. "मंग आये, तू कोन?"