दोघांची दुरुस्ती

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहणारी ती बाई एका वेबसाइटवर ‘गोळीताई’ म्हणून ओळखली जायची. बहिणीच्या मुलीला लहानपणी झटके यायचे, तेव्हा धड माहिती मिळवता मिळवता दोघी बहिणी मेटाकुटीला आल्या होत्या. त्यातूनच ही साइट उभी राहिली. झटके येणाऱ्या मुलांच्या घरच्यांनी मिळून लिहायची, चुकलं तर कुणीही दुरुस्त करायची. प्रत्येक औषधाला एक पान, पानावर मापाचे रकाने. भाची आता मावशीला उलट उत्तरं देण्याइतकी बरी झाली होती, पण मावशीच्या मागची साइट काही सुटली नव्हती.

तिच्याइतकंच राबणारे दुसरे म्हणजे मास्तर. गणिताचे निवृत्त शिक्षक. नातवाला हाच आजार. दोघं एकाच शहरातले, कधी भेटले नव्हते, पण भांडायचे रोज. एकाच रकान्यावर दोघांचा हात एकदम पडला की साइट लाल चौकट दाखवायची, दोघांचं लिखाण शेजारीशेजारी ठेवून विचारायची, यातलं कुठलं घेऊ? मास्तर स्वल्पविरामासाठीसुद्धा जिवाचं रान करायचे.

पूर्वी साइटला कुलूप होतं. एकाने पान उघडलं की बाकीच्यांनी थांबायचं. मास्तर पान उघडं ठेवून जेवायला जायचे, वर डुलकीही काढायचे, आणि बाकीचे ताटकळत बसायचे. शेवटी गोळीताईनेच हट्ट धरून ते कुलूप काढायला लावलं. “एका फळ्यावर दोघं लिहायला लागले तर वर्गाने बघायचं कुणाकडे?” असं मास्तरांनी तेव्हा विचारलं होतं. ती नुसती हसली होती.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला, दुकानात गर्दी असतानाच फोन वाजला. साइटवरचे जुळ्यांचे बाबा होते.

“गोळीताई, पानाप्रमाणे दिलं तर एकेकाची नवी बाटली पाच दिवसांतच संपेल हो. डॉक्टर तर म्हणाले होते, दहा दिवस जाईल.”

“जाईल की. दहा मिली, दिवसातून एकदा.”

“पण पानावर दोनदा लिहिलंय. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच देतोय, पण म्हटलं विचारावं. तिथे खालीही लिहून ठेवलंय मी.”

तिने हातातली चिठ्ठी गिऱ्हाइकाला तशीच परत दिली आणि फोनवर पान उघडलं. पंधरा किलोपर्यंतच्या मुलांसाठी. पहिल्या रकान्यात, एका वेळी दहा मिली. दुसऱ्या रकान्यात, दिवसातून दोनदा.

तिने पानाचा इतिहास उघडला, कुणी केव्हा काय बदललं याची नोंद.

कंपनीने बाटली बदलली होती. नवं औषध निम्म्या ताकदीचं, म्हणजे पूर्वीइतकंच पोटात जायला दुप्पट द्यायला हवं. म्हणून गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिने पाच मिलीचे दहा केले होते. पानाचा इतिहास सांगत होता, की सात वाजून अकरा मिनिटांनी मास्तरांनी ‘एकदा’चं ‘दोनदा’ केलं. तिचं एकटीचं बरोबर होतं, त्यांचं एकट्याचंही बरोबर होतं. रकाने वेगळे, म्हणून लाल चौकट आली नाही. साइटने दोघांचंही मुकाट्याने ऐकलं, आणि पानावर हवं त्याच्या दुप्पट औषध जाऊन बसलं. जवळजवळ अठ्ठावीस तास ते तिथेच होतं.

तिने घाईघाईने ‘दोनदा’ खोडून ‘एकदा’ लिहिलं. आता बोट टेकवायचं आणि जतन करायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात ती थांबली. जुळ्यांच्या बाबांनी खाली लिहिलेलं मास्तरांनीही वाचलं असेल, तर? तेही दुरुस्त करायला बसले असतील, तर? बोट तसंच हवेत ठेवून तिने दुकानाच्या फोनवरून मास्तरांना फोन लावला.

“मास्तर, पानाला हात लावू नका!”

“अहो, तेच तर करतोय. भलतंच होऊन बसलंय. दहाचे पाच केलेत, आता जतन—”

“थांबा! मी दोनदाचं एकदा केलंय. तुमचं माझं दोन्ही गेलं तर पाच मिली एकदा होईल. निम्मं! पोरांना झटके येतील.”

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“हात वर केलेत मी,” मास्तर म्हणाले. “दोन्ही. तुम्ही करा.”

तिने जतन केलं. पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत सूचना टाकली: कालपासून इथे चुकीचं माप होतं, कुणी तसं औषध दिलं असेल तर आत्ता डॉक्टरांना फोन करा. मग दोघांनी नोंदी काढल्या. त्या वेळात त्रेसष्ट जणांनी पान उघडलं होतं. त्यातले बावीस नोंदणी केलेले होते, त्यांचे फोन नंबर होते. बाकीचे कोण, कुठले, कळायला मार्ग नव्हता. त्या एक्केचाळीस जणांसाठी वरच्या सूचनेपलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. तिने तो विचार बाजूला सारला आणि अकरा नंबर घेतले, अकरा मास्तरांना दिले.

“काउंटर मी बघतो,” दुकानाचे मालक म्हणाले.

बहुतेकांनी पान नुसतं चाळलं होतं. दोघांनी दुप्पट दिलं होतं. मुलं पेंगुळली होती, पण बोलत होती. ते लगेच डॉक्टरांकडे निघाले. उरली फक्त चिमणीची आई. सहा वेळा फोन लावला, तिने काही उचलला नाही.

मास्तरांचा फोन आला. “ती इथल्याच कारखान्यात शिवणकामाला आहे. फोन आत नेऊ देत नाहीत. आणि ताई, तिने काल पानाखाली काय लिहिलंय पाहिलंत? ‘नवं माप आजोबांना कागदावर उतरवून दिलं, आभारी आहे.’”

गोळीताईने कारखान्याच्या फाटकावरचा नंबर शोधून काढला. पहारेकरी म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत निरोप देतो. ती त्याच्यावर अशी ओरडली, की दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. पाच मिनिटांनी धापा टाकत चिमणीची आई फोनवर आली.

“काल दोनदा दिलं, आज सकाळी एकदा. का हो? सकाळी ती नीट उठतच नव्हती. आजोबा म्हणाले, झोपू दे पोरीला...”

“आजोबांना म्हणावं, आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या. बाटली बरोबर घ्या. तुम्हीही निघा. मी येतेच आहे, मास्तरांनाही सांगते.”

रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर काठी घेऊन एक उंच, वाकलेले गृहस्थ बसले होते. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट.

“मास्तर?”

“या,” ते म्हणाले आणि बाजूला सरकले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा अडीच वाजले होते. औषध जास्त झालंय, पण वेळेत आणलंत. श्वास ठीक आहे. उद्यापर्यंत नजरेखाली ठेवू. चिमणीची आई भिंतीला टेकून उभी होती. मास्तर उठले आणि घडलं ते सगळं त्यांनी तिला सांगितलं, मिनिटं आणि मापं यांसकट. गोळीताईने कुलुपाचं सांगितलं, ते आपणच काढायला लावलं होतं हेही.

“तुमचंही बरोबर होतं, यांचंही बरोबर होतं,” चिमणीची आई म्हणाली. “मग माझी पोर आत का पडलीय?”

ती आत निघून गेली. दोघं संध्याकाळपर्यंत बाकावरच बसून राहिले. निघायला कुणी सांगितलं नाही, थांबायलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणी उठून बसली. सुई टोचणाऱ्या नर्सला तिने कडकडून चावा घेतला, तेव्हा आजोबा हमसून हमसून रडले.

पुढच्याच आठवड्यात साइटवर मापाचे दोन रकाने मोडून एकच केला, म्हणजे दोघांचा हात पडला तर लाल चौकट यायलाच हवी. औषधांच्या पानांना पुन्हा कुलूप लागलं. त्या एक्केचाळीस जणांकडून मात्र कधीच काही कळलं नाही. पुढे कितीतरी दिवस फोन वाजला की गोळीताई हातातलं काम टाकून आधी तो उचलायची.

चिमणीची आई दोन महिने साइटवर फिरकली नाही. मग एका सकाळी तिचा प्रश्न आला. मुलीला ताप आहे, तापाचं औषध झटक्यांच्या औषधाबरोबर चालतं का? उत्तर गोळीताईला पाठ होतं. तिने “आधी डॉक्टरांना विचारा” एवढं लगेच लिहून टाकलं, आणि बाकीचं लिहिण्याआधी मास्तरांना फोन लावला.