कुसाबाईंची नंतरची पत्रे

मखमलाबादच्या कुसाबाई ९ फेब्रुवारी १९९७ रोजी वारल्या. त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत त्यांनी मालदीवमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या मुलीला आठ पत्रे पाठवली, आणि जून महिन्यात एक पत्र तिच्या वर्गातल्या तेवीस मुलांना.

कुसाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. सव्वा एकरात गुलाब आणि शेवंती लावायची, पहाटे फुले नाशिकच्या फुलबाजारात पोचवायची, आणि महिन्यातून एकदा, दुपारची कामे आटोपली की ओट्यावर बसून पत्र सांगायचे, असा त्यांचा क्रम होता. लिहून घेणारी त्यांची सून प्रतिभा. सासूला जे सांगायचे असे त्यात सुनेविषयीच्या तक्रारीही असत, आणि त्याही सुनेनेच लिहायच्या.

"लिही, प्रतिभाच्या भाजीत मीठ लय असतं. लिहिलं का? वाच बरं."

प्रतिभा मुकाट्याने वाचून दाखवी.

"आता लिही, सांगितलं तर ऐकत नाय. आन् खाली माझं नाव घाल."

पत्र ज्या मुलीला जाई ती सुवर्णा नाशिकच्या एका महाविद्यालयात सहा वर्षे तासांवर इंग्रजी शिकवत होती. कायम नेमणुकीची आशा संपल्यावर तिने मालदीवच्या एका छोट्या बेटावरच्या शाळेचा दोन वर्षांचा करार केला आणि जानेवारी १९९६ मध्ये ती गेली. करार इंग्रजीत होता आणि तो तिने दोनदा वाचला होता. तरीही त्यातली दोन कलमे तिला बेटावर उतरल्यावरच कळली. एक, पासपोर्ट शाळेच्या राजधानीतल्या कार्यालयात, कुलपात राहील. दोन, परतीचे तिकीट करार पुरा झाल्यावरच मिळेल. वाचलेले आणि कळलेले यांत अंतर असते, हे ती पूर्वी विद्यार्थ्यांना सांगत असे.

कामाची तऱ्हाही वेगळी होती. प्रत्येक तासाचे टाचण तीन प्रतींत आदल्या दिवशी द्यायचे. पुस्तकात बर्फ, सफरचंदे आणि आगगाडी. मुलांनी यातले काहीच पाहिलेले नव्हते. तिने फळ्यावर नाशिक रोडचे स्टेशन काढले, तेव्हा एका मुलाने विचारले, "हे सगळे लोक एकाच बेटावर मावतात?" पालकांना इंग्रजांसारखे इंग्रजी हवे होते. म्हणून एकोणीस वर्षांचा एक इंग्रज स्वयंसेवक आला, तेव्हा दहावीचे वर्ग त्याच्याकडे गेले आणि त्या वर्गांच्या वह्या तपासायचे काम सुवर्णाकडेच राहिले. तिने विचारले तेव्हा मुख्याध्यापक नम्रपणे म्हणाले, "तपासणीत तुमचा हात चांगला आहे. त्याचा उच्चार चांगला आहे."

बेटावर फोन एकच, तोही सरकारी कचेरीत, कारकुनाच्या टेबलावर. मागे आठ-दहा माणसे रांगेत उभी असत आणि सगळी ऐकत. पहिल्या वर्षी सुवर्णाने दोनदा गावातल्या एसटीडी बूथवर फोन लावला. दोन्ही वेळा कुसाबाई "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" एवढेच ओरडल्या आणि लाइन तुटली. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये तिने एकदा लावला, तेव्हा भाऊ गोरक्ष बोलला.

"आई कुठंय, दादा?"

"वणीला. मावशीकडं गेलीय, चैत्रातल्या जत्रेला."

तिला त्यात काही वावगे वाटले नाही. कुसाबाई दर चैत्रात बहिणीकडे वणीला जात.

पाचवीच्या वर्गाला पत्रलेखन शिकवायचे होते. पुस्तकातला नमुना लंडनमधल्या कुणा काकांना लिहिलेला होता आणि मुलांना तो निर्जीव वाटे. तेव्हा सुवर्णा आईचे पत्र वर्गात नेऊ लागली. ती एकेक वाक्य इंग्रजीत करून फळ्यावर लिही. खारट भाजी, गुलाबावरची कीड, सुनेचा हट्टीपणा हे सगळे मुलांना तोंडपाठ झाले. टपालाची होडी आली की मुले धक्क्यावरून पळत येऊन विचारत, "टीचर, तुमची आई या महिन्यात कुणावर रागावली?" मे महिन्यात तेवीस मुलांनी कुसाबाईंना इंग्रजीत पत्रे लिहिली. नाझिमा नावाच्या मुलीने विचारले होते, "तुमची मुलगी तुमच्यावरही ओरडते का?"

उत्तर जूनमध्ये आले. "लहानपणी माझ्यावरच ओरडायची. आता तुमच्यावर ओरडते, म्हणजे माझी सुटका झाली." सुवर्णाने ते फळ्यावर लिहिले आणि वर्ग बराच वेळ हसत राहिला. त्या दिवशी कुसाबाईंना जाऊन चार महिने झाले होते.

करार संपवून सुवर्णा डिसेंबर १९९७ मध्ये परतली. नाशिक रोडला गोरक्ष एकटाच उतरवून घ्यायला आला होता. त्याने रिक्षा मखमलाबादकडे न नेता रामकुंडावर नेली.

"इकडं कशाला? नवस बोललास की काय माझ्यासाठी?" तिने हसून विचारले.

"उतर. अंघोळ करायचीय तुला."

"थंडीत? घरी पाणी नाही का?"

गोरक्षने तिच्या हातातली बॅग घेतली आणि पायरीवर ठेवली. तो तिच्याकडे न बघता बोलला. "आई गेली, सुवर्णे. माघ चालू होता. डाव्या अंगावरून वारं गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपलं. दहा महिने झाले." उशिरा कळलेल्या मृत्यूचेही पाणी डोक्यावरून घ्यावे लागते, आणि ते घेतल्याखेरीज घराचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी त्या घरची रीत होती. सुवर्णा लुगड्यातल्या बायकांच्या शेजारी कपड्यांनिशी पाण्यात उतरली. वर आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "मग पत्रं कोण लिहीत होतं?"

घरी पोचेपर्यंत त्याचे उत्तर तिला कळले होते. दुसरा प्रश्न उरला. हे ठरवले कोणी?

"मी ठरवलं," गोरक्ष म्हणाला. "मोठा मी आहे. द्यायच्या तेवढ्या शिव्या मला दे."

"का पण?"

"ठरवलं म्हणजे ठरवलं."

वणीहून मावशी सुलाबाई आल्या होत्या. त्यांनी भाचीला पोटाशी धरले, दोघी रडल्या, आणि मग डोळे पुसून मावशींनी बोल लावलाच. "समुद्रापार जाऊन दुनियेला इंग्रजी शिकवलं बाई तू. आन् घरून आलेलं मराठी तुला वाचता नाय आलं."

सुवर्णाला हे लागले, कारण ते खरे होते. ती त्या घरात जेवली नाही. आईच्या शेवटच्या दिवसाचा, दहाव्याचा, तेराव्याचा आपला वाटा दादा-वहिनींनी परस्पर काढून घेतला, असे तिचे मत झाले. कशासाठी, तर मालदीवची नोकरी मोडू नये, गावात मिरवता यावे म्हणून, हेही तिने मनाशी जोडून टाकले. नाशिक रोडला एका जुन्या सहकारी बाईंकडे राहायचे, पुढचा करार मिळाला तर सही करायची आणि गोरक्षच्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, असे तिने ठरवले. मात्र दोष देण्याआधी पुरावा तपासावा, एवढी शिस्त तिच्यात होती.

नाशिक रोडच्या त्या बाईंच्या घरी तिने स्वतःला आलेली सगळी पत्रे तारखेवार मांडली. मृत्यूपूर्वीची बारा, नंतरची आठ. अक्षर एकच, शाई एकच, भाषा एकच. कुठे आईचा आवाज संपतो आणि दुसरा सुरू होतो, हे तिला तीन वेळा वाचूनही सापडेना. चौथ्या वेळी तिने मजकूर सोडून मोजणी केली. पहिल्या बारा पत्रांत प्रतिभाविषयी सात तक्रारी होत्या. नंतरच्या आठांत एकोणीस.

ती दुसऱ्या दिवशी मखमलाबादला गेली. प्रतिभा अंगणात शेवंतीच्या जुड्या बांधत होती.

"वहिनी, आईने तुला सातदा नावं ठेवली. तू स्वतःला एकोणीसदा ठेवलीस. का?"

प्रतिभाने जुडी खाली ठेवली नाही. "मग त्यांच्या तोंडी काय घालणार, ताई? त्या गोड बोलायला लागल्या असत्या तर तुम्हाला लगेच संशय आला असता."

"भाकरी जाड थापतेस, झोपाळू आहेस, माहेरचं कौतुक फार सांगतेस..."

"झोपाळू त्या म्हणायच्याच. पत्रात घालायला सांगितलं नव्हतं, एवढंच." ती किंचित हसली आणि मग हसू तिच्या चेहऱ्यावर टिकले नाही. "लिहिताना त्या शेजारी बसल्यात असं वाटायचं. मुलांची तेवीस पत्रं आली, तेव्हा मात्र मला दोन दिवस जमलं नाही. ह्यांनी वाचून अर्थ सांगितला. ती नाझिमा. काय लिहू तिला?"

सुवर्णा ओट्यावर बसली. राग नेहमीच्या जागी आहे का हे तिने तपासले. तो होता, पण प्रतिभावर तो ठेवता येईना. "दादाने ठरवलं ना हे?"

"हो."

उत्तर फार लवकर आले. वर्गात फार लवकर येणारे उत्तर बहुधा पाठ केलेले असते.

"माझी पत्रं कुठं आहेत? मी पाठवलेली. माझ्याकडे निम्माच पत्रव्यवहार आहे."

प्रतिभाने डबा आणून दिला. सुवर्णा दर पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक घालत असे. ओट्यावर ती पत्रे लागोपाठ मांडत गेली आणि सहा नंतर आठ आले.

"सातवं कुठंय?"

"हरवलं असेल."

"वहिनी."

प्रतिभा उठली. ती आत गेली आणि कुसाबाईंच्या लुगड्यांच्या घडीतून आंतरदेशीय पत्राच्या आकाराचे एक निळे पाकीट घेऊन आली. "ह्यांना सांगू नका मी दिलं म्हणून. ते म्हणाले होते, हे तिच्या हाती लागलं तर जन्मभर स्वतःला खाईल. त्यापेक्षा मला खाऊ दे."

पत्र २६ जुलै १९९६ चे होते. अक्षर सुवर्णाचे होते, आणि लिहिल्याचे तिला एव्हाना आठवतही नव्हते.

"आमच्याकडे केरळचे कुरियन सर गणित शिकवतात. त्यांचे वडील गेल्याची तार मंगळवारी आली. मुख्याध्यापकांनी रजा नाकारली. बदली शिक्षक नाही, पासपोर्ट राजधानीत. बुधवारी त्यांनी सातही तास घेतले. मुलांना माहीत होते, त्यामुळे कुणी बोलत नव्हते. आता ते रोज संध्याकाळी धक्क्यावर उभे राहतात आणि सुटणाऱ्या होड्या बघतात. मला ते बघवत नाही. आई, एक सांगून ठेवते. घरी काही बरेवाईट झाले, तर मी परत येईपर्यंत मला कळवू नका. कळून इथे अडकण्यापेक्षा न कळलेले बरे."

"मी त्यांना वाचून दाखवलं," प्रतिभा म्हणाली. "त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, पोरीचं बरोबर हाय. मला काय झालं तर तिला सांगायचं नाय. आन् पत्र बंद पडू द्यायचं नाय, बंद पडलं की तिला लगेच कळंल. माझ्या देखत ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं."

"हसत म्हणाली?"

"नाही. फुलं निवडत होत्या. नेहमीसारख्या म्हणाल्या."

सुवर्णा पत्राची घडी घालू लागली, आणि घडी बरोबर बसेना. गोरक्ष बाजारातून परतला, ओट्यावर उलगडलेली पत्रे आणि बहिणीच्या हातातले सातवे पत्र त्याने पाहिले, आणि तो पायऱ्यांपाशीच थांबला.

आई गेल्याचे सुवर्णाला दहा महिने कळले नाही. त्याचे कारण गोरक्ष नव्हता, प्रतिभा नव्हती आणि नोकरीही नव्हती. कळवू नका असे तिनेच लिहिले होते, आईने ते मान्य केले होते आणि घरच्यांनी ते पाळले होते.