यादीतून नाव कापायचं नसतं

मी एक जुना ई-मेलचा पत्ता आहे. हसू नका, मित्रांनो! छत्रीने आपली कहाणी सांगितली, पाटीने सांगितली, शाळेच्या घंटेनेही सांगितली, तेव्हा तुम्ही मुकाट ऐकून घेतलीत ना? मग माझीही ऐका. मला ना हात, ना पाय, ना तोंड. माझ्या नावाने जे लिहितील ते घेऊन जायचं आणि जे येईल ते सांभाळून ठेवायचं, एवढंच माझं काम. समोरचा माणूस चुकतोय हे दिसत असलं तरी मला "अहो, थांबा" असं म्हणता येत नाही. माझं सगळं दुःख त्यातच आहे.

माझा जन्म दोन हजार नऊ साली विठ्ठलवाडी डेपोजवळच्या एका सायबर कॅफेत झाला. मला अंजनाताईंनी काढलं. त्या आधी अंबरनाथच्या एका कारखान्यात कामगारांचे हातमोजे शिवायच्या. तो कारखाना बंद पडला, तेव्हा त्यांनी मोरिवलीत एक खोली भाड्याने घेतली, तीन मशिनी मांडल्या आणि हातमोजे, एप्रन शिवून कंपन्यांना द्यायला लागल्या. एका साहेबांनी त्यांना विचारलं, "बाई, मेल आयडी काय तुमचा?" ताई म्हणाल्या, "उद्या देते." आणि त्याच संध्याकाळी कॅफेत येऊन बसल्या. कॅफेवाल्या काकांनी नाव विचारलं, तर म्हणाल्या, "अंजना लिहा, पुढे हातमोजे लिहा. म्हणजे कोण, काय, कोणाला विचारायला नको." झालं माझं बारसं! पासवर्ड त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. दर जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की आधी त्याच्या मागे तो उतरवून घ्यायचा आणि मगच ते खिळ्याला लावायचं, हा त्यांचा नेम.

काय दिवस होते ते! ताईंकडे एक लांबट वही होती. ज्या कंपनीत नमुना दाखवायला जात, तिथल्या माणसासमोर त्या ती वही धरत. "साहेब, पत्र पाठवलं तर चालेल ना? मग तुमच्याच हाताने पत्ता लिहा. माझ्याकडून एखादं अक्षर चुकायला नको." अशी एकेचाळीस नावं जमली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ताई दोन बोटांनी टाइप करून त्या एकेचाळीस जणांना पत्र लिहीत. नवीन काय शिवलं, उन्हाळ्यात कुठलं कापड बरं, बस्स. लोक ते उघडून वाचायचे. एका साहेबांनी तर उत्तर लिहिलं होतं, "ताई, तुमचं पत्र आलं की महिना सुरू झाल्यासारखं वाटतं." ताईंनी ते मशिनीवरच्या सगळ्या बायकांना दोनदा वाचून दाखवलं. मी कसला फुगलो होतो म्हणून सांगू!

त्या एकेचाळिसांत एक रंगाची कंपनी होती. दर फेब्रुवारीत ती चार-पाच जणांना मेल करून रेट मागवायची आणि ज्याचं जमेल त्याला वर्षभराचं काम द्यायची. अकरा वर्षं ते काम ताईंनाच मिळालं. त्याच्याच जोरावर तीन मशिनींच्या सहा झाल्या आणि सहा बायकांचं घर चालायला लागलं. त्यातल्या विठाबाई सगळ्यांत जुन्या. त्या म्हणायच्या, "बाकीची कामं येतील-जातील. ही कंपनी आपल्या खोलीचा खांब आहे गं."

आता तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येकाच्या मेलपेटीच्या दारात एक वॉचमन असतो. दिसत नाही, पण असतो. ओळखीचं पत्र तो आत सोडतो. ज्या पत्त्याबद्दल लोकांनी तक्रार केली, त्याची पत्रं मात्र तो मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन टाकतो. त्या खोलीला म्हणतात स्पॅम. तिथे कोणी फिरकत नाही आणि महिनाभराने सगळं आपोआप पुसलं जातं. मी बारा-तेरा वर्षं ताठ मानेने पुढच्या दारातून आत जात होतो.

मग ताईंचा मुलगा मिलिंद कामात आला. पोरगा कष्टाळू, मनाने चांगला. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्याच्या डोक्यात मार्केटिंग शिरलं. "आई, एकेचाळीस लोकांनी काय होतंय? हजारोंना पाठवायला पाहिजे." उल्हासनगरात त्याचा दोस्त सुजित व्हिजिटिंग कार्डं छापतो. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत ज्यांची कार्डं त्याने छापली, त्या सगळ्यांचे पत्ते त्याच्याकडे पडून होते. नऊ हजार! "ले जा ना यार, सगळे आपलेच लोक आहेत," असं म्हणून त्याने ते पेन ड्राइव्हवर देऊन टाकले.

ताई जरा घुटमळल्या. "अरे, पण यांनी आपल्याला कुठे पत्ता दिलाय?"

"आई, लोक कार्ड छापतात कशाला? पत्ता द्यायलाच ना!"

ताईंना ते पटलं. मला नव्हतं पटलं, पण मला कोण विचारतो? पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यावर मथळा आला, 'फ्री! फ्री! फ्री! आजच मागवा!!!' पाठीवर हातमोज्यांचे वीस मोठाले फोटो. त्या ओझ्यासकट मी नऊ हजार दारांत जाऊन उभा राहिलो. कात्रपच्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो, बँडवाल्याकडे गेलो, शिकवणीच्या बाईंकडे गेलो. बँडवाल्याला भट्टीजवळ घालायचे हातमोजे कशाला हवेत हो? लाजेने मेल्यासारखं झालं.

थोड्याच दिवसांत उत्तरं यायला लागली. 'कृपया पाठवू नका.' 'माझं नाव काढून टाका.' मित्रांनो, एवढं ऐकलं असतं तरी मी वाचलो असतो. मिलिंद तर नावं काढायलाही बसला होता. पण ताईंनी त्याचा हात धरला. "खुळा की काय तू? यादीतून नाव कापायचं नसतं!"

त्यांचंही चूक नव्हतं. ताईंना आयुष्यात एकच यादी ठाऊक होती, ती लग्नाच्या आमंत्रणाची. तिच्यात एकदा चढलेलं नाव कापलं तर माणूस जन्मभर बोलत नाही. आणि कोणी "मला बोलावू नका" म्हणाला, तर त्याचा अर्थ तो रुसलाय, आता घरच्या मोठ्याने जाऊन समजूत काढायची. मिलिंदच्या लग्नात ताईंचे चुलत सासरे असेच रुसले होते. ताई दोनदा त्यांच्या घरी गेल्या, हात जोडले, तेव्हा ते मांडवात आले आणि मग पोटभर जेवलेही. म्हणून 'पाठवू नका' लिहिणाऱ्या प्रत्येकाला ताईंनी स्वतः बसून पत्र लिहिलं. 'रागावलात का? आमचं काही चुकलं का? आम्ही तुम्हाला आपलंच मानतो.' आणि खाली पुन्हा हातमोज्यांचे फोटो!

मी आतल्या आत ओरडत होतो. अहो ताई, तो रुसला नाहीये! त्याला नकोच आहे! दातांच्या डॉक्टरने तिसऱ्या पत्रानंतर वैतागून तक्रारीचं बटण दाबलं. बँडवाल्याने दाबलं. शिकवणीच्या बाईंनी दाबलं. मग शेकड्यांनी दाबलं. वॉचमन एकमेकांना सांगतात बरं का. महिन्याभरात एकूण एक दारात माझं नाव पोचलं, हा त्रास देणारा पत्ता आहे, याला मागे टाका.

फेब्रुवारी आला. रंगाच्या कंपनीचे जुने साहेब निवृत्त झाले होते. नव्या साहेबांनी फाइल बघून नेहमीप्रमाणे सगळ्यांना मेल केली, 'शुक्रवारपर्यंत रेट पाठवा.' ताईंनी हिशेब तीनदा तपासला, विठाबाईंना वाचून दाखवला आणि बुधवारी पाठवला. मी धावतच गेलो. नव्या साहेबांचा वॉचमन मला ओळखत नव्हता. त्याने फक्त माझी बदनामी ऐकली होती. त्याने मला मागच्या खोलीत ढकललं. माझ्या एका बाजूला लॉटरी लागल्याचं खोटं पत्र होतं, दुसऱ्या बाजूला केस उगवायचं तेल.

गुरुवारी ताई स्वतः गेटवर गेल्या. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम, साहेब कोणाला भेटत नाहीत. मेल टाका, मेल." ताईंनी घरी येऊन पुन्हा मेल टाकली. तीही माझ्या पहिल्या पत्रावर येऊन पडली. शुक्रवार गेला.

पंधरा दिवसांनी चक्कीवर ताईंना धर्मराज भेटला. तो मोरिवलीचाच, त्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. म्हणाला, "काय ताई, या टायमाला तुमी रेट धाडलाच नाय?"

"धाडला की हो! दोनदा धाडला!"

धर्मराज भला माणूस. दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना शोधायला लावलं, तेव्हा दोन्ही पत्रं मागच्या खोलीत सापडली. पण काम दुसऱ्याला देऊन झालं होतं. तो सांगायला आला, "सायेब बोलले, आधी दिसला असता तर तुमालाच दिला असता. पुढच्या वर्साला मी आठवण करीन. पत्र येल तुमाला, माजा शब्द."

त्या संध्याकाळी तीन मशिनींवर जुन्या चादरी पडल्या. विठाबाई आता कात्रपला दोन घरी पोळ्या करायला जातात. जाताना म्हणाल्या, "काम आलं की हाक मार गं, मी लगेच येईन." दार लावून घेतल्यावर ताई रडल्या. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. त्यांच्या घरात काम नाही, आणि नाव खराब झालेला मी.

मिलिंदने ती नऊ हजारांची यादी पुसली आणि नवा पत्ता काढला. म्हणाला, "नवा पत्ता सगळ्यांना नव्यावरूनच कळवू." ताई ऐकेनात. "नव्या नावाला कोण ओळखतं? इतकी वर्षं ज्या तोंडाने बोललो, त्याच तोंडाने सांगायचं. न सांगता घर बदलतात का?" आणि त्यांनी आमचा पत्ता बदलला असं शेवटचं पत्र, रंगाच्या कंपनीलाही, माझ्याच नावाने पाठवलं. ते कुठे जाऊन पडलं, हे आता तुम्हाला सांगायला नको.

ताई आता शहाण्या झाल्यात. वही पुन्हा निघाली आहे. पुन्हा विचारून, ज्याच्या त्याच्या हाताने पत्ता लिहून घेतात, आणि कोणी नको म्हटलं की पट्टी ठेवून त्याच्या नावावर सरळ रेघ मारतात. पहिली रेघ मारायच्या आधी त्यांनी ते नाव दोनदा वाचलं होतं. नव्या पत्त्याची पत्रं पुढच्या दारातून आत जातात. मला त्याचा हेवा वाटत नाही, खरंच. या जानेवारीत नव्या कॅलेंडरच्या मागे त्याचा पासवर्ड लिहिला गेला. माझा उतरवला नाही. मिलिंदने मला मोबाइलमधूनही काढून टाकलं.

आज मंगळवार आहे. काल सकाळी धर्मराजने आपला शब्द पाळला. रंगाच्या कंपनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या फाइलमध्ये जो पत्ता होता त्यावर, म्हणजे माझ्याकडे. 'वार्षिक पुरवठ्यासाठी रेट पाठवावा. शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत.' ते मी सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत धरून बसलो आहे. त्याच खोलीत, त्याच कॉम्प्युटरवर ताई सकाळ-संध्याकाळ नवा पत्ता उघडतात. आज म्हणाल्या, "नाही आलं. विसरला बिचारा धर्मराज."

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कोणाकोणाला पत्रं पाठवाल. तेव्हा आधी विचारा, आणि कोणी नको म्हणालं तर तेवढंच ऐका, समजूत काढायला जाऊ नका. पण हे सगळं तुम्ही पुढे कधीतरी करा. आत्ता तुमच्यापैकी कोणी मोरिवलीत राहत असेल, तर चक्कीच्या मागच्या गल्लीत तिसरं दार आहे. अंजनाताईंना एवढंच सांगा, जुना पत्ता एकदा उघडा. त्याचा पासवर्ड मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर आहे, आणि ते कॅलेंडर त्यांनी तेल सांडू नये म्हणून विठाबाईंच्या बंद मशीनखाली अंथरलंय. मला सांगता येत नाही हो. आणि हातात फक्त शुक्रवारपर्यंतचा वेळ आहे.