निकाल न सांगणारी गल्ली

“इंडिकेटर तरी दिला का त्याने?” ठोक्याकाकांनी टीव्हीकडे बोट रोखून विचारलं.

“शर्यतीच्या गाडीला इंडिकेटर नसतो रे,” मास्तर म्हणाले.

“नसेना. हात तर असतो! हात बाहेर काढायचा. सगळ्या गावाला तूच शिकवलंस ना, वळायच्या आधी हात दाखवा म्हणून? आणि तुझा येडा बघ. सरळ घुसला. माझ्या माणसाला पार मातीत घातला.”

मास्तर हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि खोकला थांबेना तेव्हा मुलीने स्वयंपाकघरातून पाणी आणून दिलं. पडद्यावर तोच अपघात पुन्हा दाखवत होते. लाल गाडी आतून घुसते, निळ्या गाडीचं चाक तिच्या चाकाला लागतं, निळी गाडी गिरकी घेत वाळूत जाते. प्रेक्षक उभे राहून हुर्यो करत होते. अर्धे लाल गाडीवाल्याची, अर्धे हुर्यो करणाऱ्यांची.

“चूक त्याचीच आहे,” पाण्याचा पेला खाली ठेवत मास्तर म्हणाले.

“काय म्हणालास?”

“चूक येड्याचीच आहे. जागा नव्हती.”

भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने पाट-पाणी करावं, तसं ठोक्याकाकांचं झालं. ते पुटपुटले, “पण हिंमत आहे हां त्याच्यात.”

मास्तरांचं मोटार शिकवण्याचं दुकान आणि ठोक्याकाकांचं ठोकलेल्या गाड्या सरळ करण्याचं गॅरेज एकाच गल्लीत, समोरासमोर. मास्तर शिकवायचे, शिकलेले लोक जाऊन गाडी ठोकायचे, ती समोर यायची. “आमची भागीदारी आहे,” ठोक्याकाका सांगत. मास्तरांनी जन्मभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, बैलगाडीच्या वेगाने गाव पालथं घातलं. आणि त्यांचा लाडका कोण, तर जगातला सगळ्यांत बेफाम गाडीवान, ठोक्याकाकांच्या तोंडी ‘येडा’. उलट ज्यांचं पोट धडकांवर चाललं ते ठोक्याकाका फिदा होते ते त्याच्या हाडवैऱ्यावर, एक ओरखडा न उठवता गाडी परत आणणाऱ्या, टायरचासुद्धा जीव राखणाऱ्या माणसावर. त्याला मास्तर ‘हिशेबी’ म्हणत. दोघांनीही एकमेकांनी ठेवलेली नावं मुकाट्याने घेतली होती.

शर्यती रविवारी होत आणि हे दोघे त्या सोमवारी सकाळी बघत. रविवारी नोकरदार माणसं शिकायला येत, रविवारीच गॅरेजात गर्दी असे. म्हणून शर्यत रेकॉर्ड करून ठेवायची आणि सोमवारी, दोघांची सुट्टी असताना, जोडीने बघायची. मधल्या वेळात निकाल कानावर पडता कामा नये. सुरुवातीला लोक हसले. मग एका रविवारी बँकेतल्या एक बाई चौकात गाडी वळवता वळवता उत्साहाने म्हणाल्या, “मास्तर, अभिनंदन! तुमचा येडा पहिला आला!” मास्तरांनी आपला ब्रेक दाबला. गाडी भर चौकात थांबली. ते दार उघडून उतरले आणि फुटपाथच्या कडेला जाऊन, डोकं धरून बसले. मागे हॉर्नचा कालवा. बाई स्टिअरिंगला धरून रडकुंडीला आलेल्या. त्या दिवसापासून गल्लीने धडा घेतला. सोमवारचं वर्तमानपत्र पेपरवाला दुपारनंतर टाकू लागला. न्हाव्याच्या दुकानात शर्यतीचा विषय निघाला की मास्तर दिसताच तो हवापाण्यावर घसरे. गल्लीत येड्याचे चाहते होते, हिशेबीचे होते, त्यांच्यात पोरांपासून थेरड्यांपर्यंत कडाक्याची भांडणं होत. पण रविवार संध्याकाळ ते सोमवार दुपार सगळे तोंडाला कुलूप लावत. सगळ्यांना गाडी मास्तरांनीच शिकवली होती.

मास्तरांची मुलगी लांबच्या शहरात एका ग्रंथालयात काम करी. रजा काढून आली ती बाबांची फुप्फुसं आता फार दिवस साथ देणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितल्यावर. आई गेल्यापासून बाबा एकटेच होते. तिला वाटलं होतं, घर उदास असेल. घरात दर सोमवारी ही रणधुमाळी चालू होती.

पहिल्याच सोमवारी ती दाराशी उभी राहून बघू लागली आणि जागची हलली नाही. एका गाडीवर बसवलेल्या कॅमेऱ्यातून दाखवत होते. रस्ता रस्ता राहिला नव्हता, पाण्याच्या धारेसारखा अंगावर येत होता. पुढच्या गाडीचं मागचं चाक हाताच्या अंतरावर फिरत होतं. दोन्ही गाड्या वळणात एकदम शिरल्या, बराच वेळ जोडीने राहिल्या, आणि जोडीनेच बाहेर आल्या.

“बघितलंस?” मास्तर म्हणाले. “एकमेकांचं तोंड बघत नाहीत ते दोघं. बक्षीस घेताना हात मिळवत नाहीत. पण त्या वळणात दोघांनाही ठाऊक होतं, दुसरा माघार घेणार नाही, आणि आपल्याला चाकापुरती जागा मात्र सोडेल. इतका भरवसा माणूस मित्रावर तरी टाकतो का?”

“मी नाही टाकत,” ठोक्याकाका म्हणाले.

“तुझ्यावर कोण टाकतंय!”

सीझन मात्र संपता संपत नव्हता. पूर्वी, ठोक्याकाका सांगत, शर्यती सुरू व्हायच्या नि थंडी पडायच्या आत उरकायच्या. आता थंडीत सुरू होतात नि पुढच्या थंडीपर्यंत चालतात. “सीझन आहे की संसार? बायकोसुद्धा कंटाळली. म्हणते, अजून कोण जिंकायचं राहिलंय? गाडीवानसुद्धा दमलेत बिचारे, डोळे बघ त्यांचे. पैशासाठी ताणतात झालं, रबरासारखं.”

“ताणू देत,” मास्तर नेहमी म्हणत. “जेवढं लांबेल तेवढं चांगलं.”

उन्हाळा उतरला, तसे मास्तर खुर्चीतून पलंगावर आले. नाकाला नळी आली. आणि एका सोमवारी, येडा नि हिशेबी गुणांमध्ये अगदी बरोबरीला येऊन ठेपले असताना, पुढच्या शर्यतींची यादी पडद्यावर झळकली. मास्तरांनी ती वाचली. कितीतरी देश अजून बाकी होते.

“फारच लांबवलाय रे,” ते म्हणाले.

ठोक्याकाकांनी मान वर केली नाही. त्यानंतर त्यांनी सीझनच्या लांबीबद्दल कधी तक्रार केली नाही. उलट सांगू लागले, “आलाच की आता शेवट. हां हां म्हणता संपेल.” आणि डॉक्टर तपासून बाहेर पडले की जिन्यात त्यांना गाठून विचारत, “साहेब, शेवटच्या शर्यतीपर्यंत?” डॉक्टर म्हणत, “बघू या.” एकदा म्हणाले, “तुमचा गाडीवान पोचेल. मास्तरांचं सांगता येत नाही.” ते गमतीने बोलले खरे, पण दोघांपैकी कोणी हसलं नाही.

मास्तर पोचत गेले. एकेक शर्यत, एकेक सोमवार. डॉक्टरही चकित झाले. ती रात्रीच्या औषधाला उठवी तेव्हा ते पहिलं विचारत, “आज वार कोणता?” अन्न जात नव्हतं, पण सोमवारी सकाळी दाढी करून घेत. ती त्यांच्या गालावरून वस्तरा फिरवताना बघे, चेहरा आतून विझत आलेला आणि डोळे मात्र शर्यतीला निघालेल्या माणसाचे. कुठून आणतात हे बळ, तिला कळत नसे. विचारायचा धीरही होत नसे.

एकदा ती म्हणाली, “बाबा, आता शिकवण्या बंदच आहेत. रविवारी थेट बघू या की.”

“ठोक्याचं गॅरेज रविवारी उघडं असतं,” ते म्हणाले. विषय संपला.

शेवटच्या शर्यतीला दोघे गाडीवान बरोबरीनेच उतरले. जो दुसऱ्याच्या पुढे येईल तो जगज्जेता. त्या रविवारी दुपारी जिन्यात पावलं वाजली. ठोक्याकाका होते. हात स्वच्छ धुतलेले, अंगात इस्त्रीचा सदरा.

“लाव गं पोरी टीव्ही. आता सुरू होईल.”

मास्तरांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. बोलायला त्यांना आता वेळ लागत असे. “गॅरेज?”

“ठेवलं बंद. एक दिवस.”

“रविवारी? तुझ्या मुलाच्या लग्नाला नव्हतं ठेवलंस.”

“लग्न काय, पुन्हा करता येतं.”

मास्तर हसले. मग म्हणाले, “इतका वाईट दिसतोय का रे मी?”

कॉलर ताठ करत ठोक्याकाका उगाच खिडकीकडे बघत राहिले.

“जा,” मास्तर म्हणाले. “उघड जा. गिऱ्हाईक परत जाईल. उद्या सकाळी ये.”

“मास्तर, ऐक माझं…”

“सोमवारी बघायची म्हणजे सोमवारी. मी आहे. जा तू.”

तिने काकांकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं: तू तरी सांग. तिला सांगायचं होतं. एका बटणाचं काम होतं. ती टीव्हीपर्यंत गेलीही. पण बाबांच्या चेहऱ्यावर तिला हट्ट दिसला नाही. ज्याने आयुष्यभर घाबरलेल्या माणसांशेजारी बसून ‘काही होत नाही, चालवा’ म्हटलं, त्याचा चेहरा होता तो. तिने हात मागे घेतला. ठोक्याकाका खाली गेले. थोड्या वेळाने शटर वर गेल्याचा आवाज आला.

ती गॅलरीत येऊन उभी राहिली. आणि तिच्या लक्षात आलं, गल्ली गप्प आहे. एरवी रविवारी दुपारी कुठे गाणी, कुठे भांडी, कुठे कोणाचं ओरडणं. आज दारं लोटलेली होती, खिडक्या बंद होत्या. फटींतून टीव्हीचा उजेड तेवढा हलत होता. न्हाव्याच्या दुकानात काचेआड माणसं दाटीवाटीने उभी होती, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. बेकरीवाला हिशेबीचा, औषधाच्या दुकानातली ताई येड्याची, ती दोघं खांद्याला खांदा लावून. टीव्हीचा आवाज सगळ्यांनी बंद केला होता. शेवटची शर्यत चालली होती आणि सगळी गल्ली ती मुक्याने बघत होती.

ती वाट बघत राहिली. कधीतरी शर्यत संपणार. कोणीतरी जिंकणार, अर्ध्या गल्लीचं वर्षभराचं स्वप्न खरं होणार, अर्ध्या गल्लीचं मोडणार. एक तरी आरोळी फुटेल. निदान एखादी शिवी. न्हाव्याच्या दुकानात एकाने दोन्ही हात वर उचलले, की डोक्यावर मारून घेतले? शेजारच्याने ते झटकन खाली ओढले. दुसऱ्या एकाने स्वतःचं तोंड दाबून धरलं. हळूहळू लोक बाहेर आले आणि मान खाली घालून, एकमेकांकडे न बघता, आपापल्या घरी गेले. समोर ठोक्याकाका एका गाडीखाली पाठीवर पडून होते, नुसते पाय बाहेर. त्यांच्या पायांजवळून जाताना लोक चपलांचासुद्धा आवाज करत नव्हते.

इतकी पुस्तकं तिच्या हाताखालून गेली होती, पण असं काही तिने वाचलं नव्हतं.

आत आली तेव्हा मास्तर जागे होते.

“संपली का?”

“संपली असावी.”

“कळलं का कुणाकडून?”

“नाही, बाबा. कोणीही ओरडलं नाही.”

मास्तरांनी डोळे मिटले. “चांगली शिकली सगळी,” ते म्हणाले.

संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, ते गेले. ती शेजारीच होती. श्वास एकदा लांबला, मग पुढचा आलाच नाही.

गल्ली लोटली. ज्यांना निकाल माहीत होता ते सगळे जिन्यात, गॅलरीत, पलंगाभोवती उभे होते आणि ठोक्याकाका त्यांच्यामध्ये बसले होते. कोण रडत होतं, कोण खाली बघत होतं. रडणाऱ्या चेहऱ्यांवरून हरलेले कोण नि जिंकलेले कोण, काही उमगत नव्हतं. सकाळी मास्तरांना नेऊन आले तरी कोणाच्या तोंडून निकालाचा शब्द निघाला नाही. त्या सोमवारी दुपारनंतरही पेपर आला नाही. मंगळवारी आला, त्यात खेळाचं पान नव्हतं.

पुढच्या सोमवारी सकाळी ठोक्याकाका नेहमीच्या वेळेला आले. पलंग आवरलेला होता. ते आपल्या जागी बसले.

“लावू का?” तिने विचारलं.

“लाव.”

दोघांनी बघितली. येडा पुढे गेला, हिशेबीने गाठलं, पुन्हा येडा, पुन्हा हिशेबी. ठोक्याकाकांच्या मुठी गुडघ्यांवर वळत नि सुटत होत्या. शेवटची फेरी उरली तेव्हा दोन्ही गाड्या जोडीने सरळ रस्त्यावर आल्या. काका उठले. पायात चपला सरकवल्या.

“काका? संपत आली.”

“मास्तराला नाही कळलं ना?” ते म्हणाले. “मग मला कशाला? तू बघ. सांगू नको.”

जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं.

तिने बघितली. दोघे शेवटच्या वळणात एकदम शिरले, इतके जवळ की लाल नि निळा रंग एक झाला. दोघांपैकी कोणीही थांबलं नाही आणि दोघांनीही चाकापुरती जागा सोडली. ती उभी राहिली होती, केव्हा ते तिला कळलं नाही. मग निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी ती दूध आणायला खाली उतरली. ठोक्याकाका गॅरेजच्या दाराशी एका चेपलेल्या दरवाज्यावर वाकले होते. तिची चाहूल लागली तसं त्यांनी मान वर केली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

“झोप लागली का, काका?” तिने विचारलं.

तिच्या डोळ्यांत, ओठांच्या कडांना, कपाळावर, कुठेच त्यांना काही सापडलं नाही. त्यांनी सावकाश मान हलवली, दरवाजा उलटा केला, आणि आतल्या बाजूने पत्रा ठोकायला घेतला.