तीन पाळ्यांचे मूग

सातवीतल्या कमलिनी आणि कलावतीने शाळेत मोडाच्या मुगाचं दुकान थाटलं, तेही पोलाद कारखान्याच्या धर्तीवर, तीन पाळ्यांत. एक पातेलं भिजत, दुसरं फडक्यात बांधलेलं, तिसरं मधल्या सुट्टीत विकायला. वरून कांदा-लिंबू पडलं की पोरं फाटकाबाहेरच्या समोसेवाल्याला विसरून जायची.

कमलिनीचे बाबा भट्टीवर कामाला. ते हसायचे, "मोडाचे मूग कोन खाईन, पोरी?"

"पाहाच तुमी!"

भट्टी काही रविवारी विझत नाही. त्या नादात कमलिनीनेही पाळ्या चालूच ठेवल्या. रविवारी सकाळी पाहते तर पातेलंभर मूग तयार, आणि शाळेला कुलूप! कलावती रडकुंडीला आली.

"रडून कावून राहिली?" कमलिनी म्हणाली. "शाळा बंद हाय, कारखाना नाही."

दोघींनी पातेलं उचलून कारखान्याचं गेट गाठलं. दोनचा भोंगा झाला, पाळी सुटली आणि बघता बघता भुकेल्या माणसांची रांग लागली. तेवढ्यात रांग मोडून एक हात थेट पातेल्याशी आला. वर पाहिलं, तर बाबा!

कमलिनीने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"बाबा, लाइनीत मांगं लागा."